रुग्णालयापासून घरापर्यंत : तीव्र मनोविकार आणि रुग्ण-समन्वयकाचे कार्य

मनोविकारांवरील आधुनिक औषधे उपलब्ध झाल्याला आता सात दशके लोटली आहेत. ज्या आजारात पूर्वी माणूस आयुष्यभर बंद दाराआड राहात असे, त्याच आजाराचे अनेक रुग्ण आज काही आठवड्यांच्या उपचारानंतर घरी जाण्यायोग्य होतात. तरीही मनोरुग्णालयांच्या नोंदवह्यांत तीच ती नावे पुन:पुन्हा येतात. रुग्ण बरा होऊन घरी जातो, काही महिन्यांत गोळ्या बंद होतात, झोप उडते, घरात कटकटी सुरू होतात आणि नातेवाईक त्याला पुन्हा गाडीत घालून आणतात. काही नातेवाईक कालांतराने आणणेच सोडून देतात. अशा वेळी दोष बहुधा औषधाचा नसतो, डॉक्टरांच्या निदानाचाही नसतो. रुग्णालयाचे दार आणि घराचा उंबरा यांमधील अंतर कोणी सांभाळावयाचे, हेच ठरलेले नसते.

हे अंतर सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यास पाश्चात्त्य देशांत 'केस मॅनेजर' असे म्हणतात. मराठीत त्यास रुग्ण-समन्वयक म्हणणे सोयीचे होईल. तो डॉक्टर नव्हे. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु डॉक्टर, कुटुंब, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, पोलीस आणि स्वत: रुग्ण यांना जोडणारा धागा त्याच्या हातात असतो. आपल्या ग्रामीण व्यवस्थेत या कार्याचे स्वरूप काय असावे आणि गावपातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्यात कोणता वाटा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

जिल्ह्याचा विस्तार आणि प्रश्नाचा आवाका

२०२४ मध्ये अहमदनगरचे नामांतर होऊन अहिल्यानगर झालेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा, म्हणजे क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या सह्याद्रीतील वाड्यापाड्यांपासून मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडपर्यंत त्याचे चौदा तालुके पसरले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. परंतु दीर्घकाळ भरती करण्याची वेळ आल्यास पुण्यातील येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाहावे लागते. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून पुणे सुमारे १२० किलोमीटरवर आहे. उत्तरेकडील तालुक्यांतील कुटुंबांना ते त्याहूनही दूर पडते. रुग्णाला नेणे-आणणे म्हणजे दोन माणसांचा रोजगार बुडणे, भाड्याचा खर्च आणि घरच्या जनावरांची सोय लावणे. दूरचा उपचार अर्धवट सुटतो याचे हे पहिले कारण आहे.

येथे तीव्र मनोविकार म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या विकारात रुग्णास नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे वाटते, अथवा तो हळूहळू बोलणे, आंघोळ, कामधंदा यांतून अंग काढून घेतो. द्विध्रुवी विकारात काही काळ अतिउत्साह, निद्रानाश व बेफाम खर्च, तर काही काळ पराकोटीचे औदासीन्य असते. अतितीव्र नैराश्यही याच वर्गात मोडते. हे आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात, दीर्घकाळ टिकतात आणि माणसाच्या कमावण्याच्या व संसाराच्या शक्तीवरच घाला घालतात.

२०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे सुमारे आठ व्यक्ती तीव्र मनोविकाराने त्या वेळी ग्रस्त असल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. तथापि हेच प्रमाण अंदाजासाठी धरले, तर दोन हजार प्रौढांच्या गावात असे पंधरा-सोळा रुग्ण असू शकतात. त्याच सर्वेक्षणानुसार अशा रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. हे पंधरा-सोळा जण कोण, हे गावाला बहुधा माहीत असते. त्यांची नोंद मात्र कोठेच नसते.

कल्पनेचा उगम आणि आपल्याकडील वाटचाल

रुग्ण-समन्वयनाची कल्पना मोठ्या मनोरुग्णालयांतून रुग्णांना बाहेर काढण्याच्या काळात पुढे आली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९७० च्या दशकात लिओनार्ड स्टाइन व मेरी अ‍ॅन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाच रुग्णांच्या वस्तीत पाठविले. बाजारहाट, स्वयंपाक, बसचा प्रवास, घरमालकाशी व्यवहार, वेळेवर औषध या गोष्टी त्यांनी रुग्णाबरोबर राहून शिकविल्या. रुग्णालयातील भरती लक्षणीयरीत्या घटली. मात्र चौदा महिन्यांनंतर ही साथ काढून घेताच मिळविलेले बरेचसे लाभ ओसरले. या प्रयोगाचा हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. या कार्यात थोड्या दिवसांची धडाडी उपयोगी पडत नाही. सातत्य उपयोगी पडते.

आपल्या देशात १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची उभारणी झाली. मनोविकारांचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावा हा त्याचा हेतू. या कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचेही पद आहे. समन्वयाचे काम प्रामुख्याने याच पदावर येते. परंतु एका जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांतील रुग्णांच्या घरी एका व्यक्तीने जाणे शक्य नाही, हे उघड आहे.

मग हे काम गावातील प्रशिक्षित कार्यकर्ता करू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तामिळनाडूतील कांचीपुरम, गोवा आणि आपल्या राज्यातील सातारा येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांसह एक शास्त्रीय अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८७ रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड देण्यात आली. ९५ रुग्णांना केवळ नेहमीचा उपचार मिळाला. हे कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे सामान्य स्त्री-पुरुष होते. वर्षाअखेर घरभेटींची जोड मिळालेल्या गटात आजाराची लक्षणे व त्यामुळे येणारे असमर्थत्व काही प्रमाणात अधिक कमी झाले. हा लाभ माफक होता आणि तिन्ही ठिकाणी सारखा नव्हता. कांचीपुरम येथे तो अधिक ठळक दिसला. समाजाकडून होणाऱ्या अवहेलनेत मात्र फारसा फरक पडला नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास गावचा कार्यकर्ता हे काम करू शकतो; आणि रुग्णाविषयीची गावाची वृत्ती बदलण्याचे काम त्या एकट्यावर सोपविता येत नाही.

समन्वयक प्रत्यक्षात काय करतो?

त्याचे पहिले काम ओळख व विश्वास संपादन करणे हे होय. ज्याला प्रत्येक परका माणूस शत्रू वाटतो, त्याच्या दारी पहिल्याच दिवशी वही-पेन घेऊन बसणे व्यर्थ असते. सुरुवातीच्या भेटी लहान असाव्यात. रुग्ण बोलला नाही तरी पुन्हा जावे, आणि दिलेली वेळ पाळावी. रुग्णाच्या भ्रमाशी वाद घालू नये व त्यास दुजोराही देऊ नये. 'तुम्हाला फार त्रास होतो आहे, हे मला दिसते' एवढे म्हणणे पुरेसे व खरे असते.

त्यानंतर रुग्ण, कुटुंबीय व डॉक्टर यांच्याशी बोलून आराखडा तयार करावयाचा असतो. रुग्णाला स्वत:ला काय हवे आहे, हे त्याच्या शिरोभागी असावे. कोणास पुन्हा शेतावर जावयाचे असते, कोणास मुलांना भेटावयाचे असते, कोणास फक्त रात्रीची झोप हवी असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९८ नुसार रुग्णास घरी पाठविताना पुढील उपचार कसे चालू राहतील, याचे नियोजन रुग्ण व त्याचे काळजीवाहू यांच्याशी विचारविनिमय करून झाले पाहिजे. समन्वयकाचा आराखडा म्हणजे या कलमाचीच अंमलबजावणी होय.

औषधोपचारावर लक्ष ठेवणे हा दैनंदिन कामाचा कणा आहे. गोळ्या का थांबतात, याची कारणे घरोघर निराळी असतात. कोठे गोळ्या संपलेल्या असतात, कोठे 'आता बरा झाला, कशाला विषारी औषध' असे कोणी सांगितलेले असते. कोठे हातापायांना कंप, अंगात ताठरपणा, सतत येरझारा घालण्याची अस्वस्थता अथवा वाढते वजन यांनी रुग्ण हैराण झालेला असतो, व ते डॉक्टरांना सांगण्याचे धाडस त्याला होत नाही. यांतील बहुतेक तक्रारींवर मात्रा किंवा औषध बदलून उपाय करता येतो. काही औषधांच्या बाबतीत विशेष दक्षता लागते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताची ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते. उन्हाळ्यात शेतात घाम गाळून पाणी कमी पडले, जुलाब झाले, अथवा अंगदुखीच्या काही गोळ्या सोबत घेतल्या, तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीस जाऊ शकते. उलटी, जोराचा कंप व झोकांड्या दिसताच रुग्णास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णास ताप व घशाचा दाह झाल्यास रक्ततपासणी लांबवू नये. ही माहिती आशा स्वयंसेविकेपर्यंत पोहोचली, तर जीव वाचतात.

कुटुंबाशी बोलणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. ज्या घरात रुग्णास सतत टोचून बोलले जाते, त्या घरात आजार उलटण्याचा संभव अधिक असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु घरच्यांना दोष देऊन काही साधत नाही. वर्षानुवर्षे रात्री जागणारी आई किंवा पत्नी स्वत:च मोडून आलेली असते. निष्क्रियता हे आळसाचे नव्हे तर आजाराचे लक्षण आहे, एवढे समजले तरी घरातील ताण पुष्कळ उतरतो. देवऋषी, नवस, अंगारा यांविषयीही समन्वयकाने तारतम्य ठेवावे. कुटुंबाच्या श्रद्धेची टर उडविल्यास दार बंद होते. नवस फेडावयास जाताना गोळ्या सोबत नेण्याचा आग्रह मात्र धरावा. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळदंडाने बांधणे हा मात्र २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या अधिनियमानेही मनाई केली आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले, हे विसरता कामा नये.

यानंतरचे काम उपजीविकेचे व कागदपत्रांचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार आहे. चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास वैश्विक ओळखपत्र मिळते, एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते आणि पात्रतेनुसार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ घेता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. त्यात मनोरुग्णाचाही हक्क आहे, ही गोष्ट अनेक ग्रामसभांच्या ध्यानी येत नाही. कामाच्या बाबतीत सुरुवात थोड्यापासून करावी. कांदा निवडणे, दोन शेळ्या सांभाळणे, डेअरीवर दूध घालून येणे अशा दिवसाच्या एक-दोन तासांच्या कामाने माणसाला वेळेचे भान व चार लोकांत उठबस पुन्हा मिळते.

एका वर्षाचा आराखडा

हे सर्व एकत्र कसे येते, हे समजण्यासाठी पाथर्डी किंवा शेवगाव तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबाचे कल्पित उदाहरण घेऊ. घरातील तीस वर्षांच्या मुलास द्विध्रुवी विकार आहे. औषधांनी तो पावसाळाभर ठीक आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याकडे निघणार आहे. दोन पर्याय उभे राहतात. त्याला वृद्ध आईजवळ गावी ठेवावे, तर गोळ्या आणावयास कोणी नाही. सोबत न्यावे, तर पहाटेची तोड व रात्रीची गाडीभरणी यांत झोप मोडते, आणि झोप मोडणे हे या विकारात अतिउत्साहाच्या झटक्याचे मोठे निमित्त असते.

समन्वयकाने ही तयारी दसऱ्यापूर्वीच केली पाहिजे. डॉक्टरांना स्थलांतराची कल्पना द्यावी. शक्य तेवढ्या दिवसांची औषधे व आजाराची थोडक्यात माहिती देणारी चिठ्ठी सोबत द्यावी. कारखान्याच्या परिसरातील शासकीय रुग्णालय कोणते, ते शोधून ठेवावे व तेथील कर्मचाऱ्यांशी आधीच बोलावे. रात्रीच्या भरणीपासून त्यास वेगळे ठेवता येईल काय, हे कुटुंबाशी ठरवावे. मुकादमाला किती सांगावयाचे, याचा निर्णय रुग्णाचा. दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी दूरध्वनी करावा आणि एकच प्रश्न प्रथम विचारावा : 'झोप किती होते?' सलग दोन-तीन रात्री झोप उडणे, बोलण्याचा वेग वाढणे, उधळपट्टी सुरू होणे या पूर्वसूचना होत. त्या वेळी केलेल्या उपचाराने भरती टळू शकते. गुढीपाडव्याच्या सुमारास कुटुंब परतल्यावर पुन्हा प्रत्यक्ष भेट, रक्ततपासणी आणि पुढील वर्षाचा विचार. या सर्व व्यवस्थेत महागडे यंत्र कोठेच लागत नाही. त्या कुटुंबाची आठवण ठेवणारी एक व्यक्ती लागते.

संकटकाळासाठीची तजवीजही आराखड्यातच असावी. जीव देण्याची भाषा कधीही सहज घेऊ नये. रुग्णास एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतून रात्रंदिवस विनामूल्य सल्ला उपलब्ध आहे.

ज्यांना घरच उरले नाही

समन्वयनाची खरी कसोटी बेघर मनोरुग्णांच्या बाबतीत लागते. दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानके, महामार्ग आणि तीर्थक्षेत्रे यांमुळे आपल्या जिल्ह्यात दूरदूरची भरकटलेली माणसे येऊन पोहोचतात. या क्षेत्रात जिल्ह्यातील संस्थांनी उल्लेखनीय कार्य उभे केले आहे. डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावरील निराधारांना जेवणाचे डबे पोहोचविण्यापासून सुरू केलेले माऊली सेवा प्रतिष्ठानचे काम शिंगवे नाईक येथे बेघर मनोरुग्ण स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठीच्या निवासी प्रकल्पात विस्तारले. अरणगाव येथील मानवसेवा प्रकल्पही बेघर मनोरुग्णांसाठी कार्य करतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचविते, डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कार्यातील क्रम शिकण्यासारखा आहे. आधी अन्न, आंघोळ, जखमांची मलमपट्टी; मग मनोविकारावरील औषध; आणि काही आठवड्यांनी बोलण्यातून उमटणारे एखादे नाव, गावाची खूण किंवा नदी यांवरून घराचा शोध. परंतु घर सापडणे म्हणजे काम संपणे नव्हे. अनेक वर्षांनी परतलेल्या स्त्रीला सासर स्वीकारील काय, माहेरी भावजय सांभाळील काय, पुढील महिन्याची गोळी कोठून येईल, हे प्रश्न परतीच्या दुसऱ्याच दिवशी उभे राहतात. ज्या गावी ती परतते, त्या गावी तिच्यासाठी कोणी समन्वयक नसेल, तर ती पुन्हा रस्त्यावर येण्याची शक्यता मोठी असते. आणि जिला परतण्यास जागाच नाही, तिच्या बाबतीतही कलम १९ स्पष्ट आहे : कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणावरून कोणासही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही; समाजात राहण्याचा अधिकार तिलाही आहे.

पोलीस यंत्रणेची जबाबदारी कलम १०० मध्ये नमूद आहे. स्वत:ची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास पोलिसांनी त्यास संरक्षण देऊन लवकरात लवकर, व जास्तीत जास्त चोवीस तासांच्या आत, जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. त्यास कोठडीत ठेवता येत नाही. तो बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेणेही पोलिसांचे कर्तव्य आहे. घरातच कोंडून ठेवलेल्या वा छळ होत असलेल्या रुग्णाविषयी कलम १०१ अन्वये कोणीही नागरिक पोलिसांना कळवू शकतो.

मदत आणि मर्जी

समन्वयकाच्या हाती कायद्याने सत्ता दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही रुग्णाच्या दृष्टीने तो सामर्थ्यवान असतो, कारण दाखला, अनुदान व डॉक्टरांची भेट हे सारे त्याच्यामार्फत घडते. म्हणूनच त्याने काही मर्यादा पाळल्या पाहिजेत. अनुदान मिळवून देतो म्हणून गोळी घेण्याची सक्ती करणे अनुचित आहे. रुग्णाच्या नकळत चहात औषध मिसळण्याचा मार्ग अनेक कुटुंबे हताश होऊन धरतात. तो उघडकीस येताच रुग्णाचा घरावरील व औषधावरील विश्वास उडतो. शुद्धीत असताना आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक प्रौढास दिला आहे. समन्वयकाने रुग्ण बरा असतानाच या गोष्टी त्याच्याशी बोलून घ्याव्यात.

गोपनीयतेचा प्रश्न गावात अधिक नाजूक असतो. कोणाच्या दारी आरोग्य कार्यकर्ती वारंवार जाते, हे पारावर लगेच कळते. घरातील आजाराची वाच्यता झाल्यास बहिणीचे लग्न अडते, ही भीती खरी आहे. म्हणून भेट कोठे व्हावी, हे रुग्णाला विचारावे, आणि नावासह कोणतीही यादी ग्रामसभेत वाचली जाऊ नये.

शेवटी समन्वयकाच्या स्वत:च्या भाराचाही विचार केला पाहिजे. मॅडिसनच्या धर्तीवरील पथकांत एका कार्यकर्त्यामागे साधारण दहा रुग्ण असे प्रमाण मानले जाते. आशा स्वयंसेविकेकडे आधीच माता-बालकांपासून क्षयरोगापर्यंतची कामे आहेत. तिच्यावर हे काम मोबदला, प्रशिक्षण व देखरेखीवाचून लादल्यास ते कागदावरच राहील.

गावपातळीवरील कर्तव्ये

सर्व रुग्णांसाठी स्वतंत्र समन्वयक नेमले जाईपर्यंत उपलब्ध यंत्रणेतून पुढीलप्रमाणे व्यवस्था करणे शक्य आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील उपचाराधीन तीव्र मनोरुग्णांची गोपनीय नोंदवही ठेवावी. रुग्णाच्या संमतीने प्रत्येक नावासमोर एका विशिष्ट कर्मचाऱ्याचे नाव लिहावे. ठरलेल्या तारखेस रुग्ण औषधास न आल्यास आठवड्याच्या आत त्याच्या घरी जाण्याची जबाबदारी त्या कर्मचाऱ्याची असावी. त्याची बदली झाल्यास नवीन व्यक्तीची ओळख प्रत्यक्ष नेऊन करून द्यावी.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, आणि सदस्यांनी पाच टक्के निधीतून प्रवासखर्च, शेळीपालन वा लहान व्यवसायासाठी साहाय्य द्यावे. प्रमाणपत्राअभावी कोण वंचित राहिला आहे, हे तालुक्याच्या ठिकाणी शिबिर होण्यापूर्वी पाहावे. पोलीस पाटलांनी कलम १०० व १०१ समजून घ्यावे.

शिक्षकांचे स्थान विशेष आहे. ज्या घरात आई किंवा वडील आजारी असतात, त्या घरातील मूल, बहुधा थोरली मुलगी, राखणीसाठी शाळेतून गळते. वारंवार गैरहजर राहणाऱ्या अशा मुलाची चौकशी शिक्षकाने वर्गासमोर न करता घरी जाऊन करावी. 'वेडा' हा शब्द वर्गात शिवी म्हणून वापरला जातो, तेव्हा तो थांबविणे हेही शिक्षकाचेच काम आहे. साताऱ्यासह तीन ठिकाणच्या अभ्यासात जी अवहेलना वर्षभराच्या घरभेटींनी ओसरली नाही, ती ओसरण्याची सुरुवात शाळेतच होऊ शकते.

मनोरुग्णालयातील प्रत्येक खाट कमी करणे हा या विचाराचा हेतू नाही. काही रुग्णांना काही काळ तिची गरज राहणारच. खाट सुटल्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, एवढाच आग्रह आहे. जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने या महिन्यात आपल्याकडील नोंदी उघडून, गेल्या वर्षभरात औषधास येणे बंद झालेल्या मनोरुग्णांपैकी निदान एकाच्या घरी कोणास तरी पाठवावे. कार्याचा आरंभ तेवढ्याने होईल.